पाटी म्हणते हो

ओट्याच्या कडेला वाळत ठेवलेली गाळणी घसरली आणि सिंकमध्ये पडली. टणण्.

एवढासा आवाज, पण दुपारी पावणेतीनच्या त्या निपचित घरात भांड्यांचं अख्खं कपाट कोसळावं तसा वाजला. तिने कीबोर्डवरची बोटं जागच्या जागी धरली. श्वासही धरला. पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या पोरीने एक पाय उचलला, हवेतच ठेवून थोडा विचार केला आणि धप्पकन खाली टाकला. झोप मोडली नव्हती. तिने गाळणीला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

पोरीचं घरातलं नाव भुंगा. वय वर्षं चार. जागी असली की सतत गुणगुण, सतत फेऱ्या, आणि एका जागी गप्प बसलेली दिसली तर समजावं की काहीतरी उद्योग चालू आहे. भुंगा झोपते ते दोन तास म्हणजे तिच्या आईचं ऑफिस. बाळंतपणानंतर चार वर्षांनी ती कामावर परतली होती, तीही अर्धवेळ आणि घरून, दोन ते पाच. तीन तासांतले दोन पोरीच्या झोपेचे, एक नशिबाचा.

आज त्या तीन तासांत तिला एका बाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं होतं. उत्तर लिहून भागणार नव्हतं, करून दाखवायचं होतं.

तिची कंपनी शहरातल्या बसथांब्यांवरच्या पाट्यांचा प्रोग्रॅम बनवत होती. थांब्यावर उजेडाच्या अक्षरांची पाटी, खाली काही बटणं. त्यातलं निळं बटण चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी. ते दाबलं की येणाऱ्या बसला निरोप जाणार, 'रॅम्प खाली कर', आणि पाटीवर उमटणार, 'विनंती स्वीकारली'. बारा थांब्यांवर चाचणी चालू होती. उद्या मंगळवारी सकाळी तोच प्रोग्रॅम एकशे चाळीस थांब्यांवर चढणार होता, आणि एकदा चढला की तीन महिने त्याला कोणी बोट लावायचं नाही असं ठरलेलं. काही बदलायचं असेल तर आज पाचच्या आत. पाचला दार बंद.

पत्र पाठवणाऱ्या बाईंचं चाचणीच्या एका थांब्याशेजारी किल्ल्या बनवायचं दुकान होतं. त्यांनी लिहिलं होतं:

'तुमची पाटी म्हणते हो आणि बस म्हणते नाही. मी चाकाच्या खुर्चीत असते. दर मंगळवारी अकरा वाजता मला व्यायामाच्या केंद्रात पोचायचं असतं. निळं बटण दाबते, पाटी म्हणते स्वीकारली, मी निवांत बसते. येते ती तीन उंच पायऱ्यांची बस. ड्रायव्हर मान हलवतो. पुन्हा बटण, पुन्हा स्वीकारली, पुन्हा पायऱ्या. असं करून दोनदा माझी वेळ चुकली. तिसऱ्यांदा चुकली की नाव यादीच्या तळाला जातं, आणि यादी पाच महिन्यांची आहे. माझ्या दुकानात एखाद्या कुलपाची किल्ली नसेल तर मी सरळ सांगते, माझ्याकडे नाही, पलीकडे विचारा. किल्ली दिल्यासारखं करून रिकामी मूठ पुढे करत नाही. एवढं तुमच्या पाटीला शिकवता येईल का?'

तिने ते तीनदा वाचलं होतं. एकदा तर भुंग्याला भरवताना, चमचा हवेत तसाच धरून.

घोळ कुठे आहे ते अर्ध्या तासात सापडलं. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक प्रकारच्या बसचा एक साचा असतो आणि सगळ्या साच्यांनी एकच करार पाळायचा असतो: थांब म्हटलं की थांबायचं, दार उघड म्हटलं की उघडायचं, रॅम्प खाली कर म्हटलं की करायचा. जुन्या बसला रॅम्प नाहीच. पण कराराला त्याचं काय सोयरसुतक? करारात काम लिहिलंय म्हटल्यावर साच्यात त्या कामाची जागा हवी म्हणजे हवी, नाहीतर प्रोग्रॅम तयारच होत नाही. म्हणून कोणीतरी नुसती जागा करून ठेवली होती. दोन महिरपी कंस, मध्ये काही नाही.

त्यामुळे व्हायचं असं की पाटी जुन्या बसला सांगायची, रॅम्प खाली कर. बस काही करायची नाही आणि काही बोलायचीही नाही. मूग गिळून बसायची. पाटीला वाटायचं, झालं काम.

कंसांच्या वर एक टीप होती: 'नंतर बघू.'

"कुठल्या शहाण्याने हे..." ती पुटपुटली आणि कोणती ओळ कोणी कधी लिहिली ते दाखवणारं पान उघडलं.

शहाणी तीच होती. तारीख भुंग्याच्या जन्माच्या नऊ दिवस आधीची.

ती दुपार तिला लख्ख आठवली. पोट टेबलाला लागायचं म्हणून खुर्ची मागे सरकवलेली, हात लांब करून टाइप करणं चाललेलं, टेबलाखाली चप्पल काढून ठेवलेली कारण सुजलेला पाय तिच्यात मावत नव्हता. जाण्याआधी सगळं हातावेगळं करायचं होतं. जो येईल त्याला ती 'हो, करते' म्हणत होती. त्यातलं एक 'हो' हे असं रिकामं राहिलं होतं आणि आता बारा थांब्यांवर उभं राहून लोकांना फसवत होतं.

कान कोणाचा धरायचा? तिने खरोखरच स्वतःच्या कानाची पाळी ओढली. दुखलं. मग कामाला लागली.

अशा वेळी बसने बोंब मारायची असते. प्रोग्रॅमच्या भाषेत त्याला एक्सेप्शन फेकणं म्हणतात. 'हे काम मला जमत नाही' अशा अर्थाचं एक्सेप्शन फेकलं की पुढचं सगळं जागीच थांबतं आणि सांगणाऱ्याला ऐकून घ्यावंच लागतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जुनी बस बिघडलेली नव्हती, तिला रॅम्प नव्हता, इतकंच. तिने रिकाम्या कंसांत ती ओळ लिहिली, 'नंतर बघू' खोडलं आणि आपल्या पडद्यावरच्या लुटुपुटूच्या थांब्याचं निळं बटण दाबलं.

विनंती स्वीकारली.

पुन्हा दाबलं. विनंती स्वीकारली.

तिने टेस्टरला फोन लावला. टेस्टर म्हणजे तिची जुनी मैत्रीण. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा तिचा धंदा आणि स्वभावही. भुंग्याच्या आईच्या लग्नाचा फोटो बघून सगळे 'छान, छान' म्हणाले होते, ही म्हणाली होती, मागचा पडदा उलटा लावलाय.

"कुजबुजतेस काय? चोरी केलीस?"

"भुंगा झोपलीय गं."

"मग मीही कुजबुजते," टेस्टर म्हणाली. ऑफिसात बसून हिला कुजबुजायची काही गरज नव्हती, पण पुढची पाच मिनिटं दोघी भिंत फोडायला बसलेल्या चोरांसारख्या बोलल्या.

"बस बोंब मारतेय, मला दिसतंय. पण पाटीपर्यंत पोचत नाही."

"पोचेल कशी? तोंडावर उशी दाबलीय. पाटीचा भाग उघड. पार तळाला बघ."

तळाला एक जाळं होतं. निळ्या बटणानंतर जे जे घडेल त्या सगळ्याभोवती एकच भलंमोठं जाळं. कोणीही कसलंही एक्सेप्शन फेको, ते झेलायचं, गिळायचं आणि पाटीवर लिहायचं, 'विनंती स्वीकारली'.

"हे कोणाचं?"

"कप्तानाचं. गेल्या वर्षी, तू घरी होतीस तेव्हा, पाहुण्यांसमोर पाटी काळी पडली होती, त्या दिवशीचं. तेव्हापासून एकदाही पडली नाही. मेलेला माणूस आजारी पडत नाही, तशी."

"आणि रॅम्पची दुसरी बस शोधून देणारा भाग आहे ना आपल्याकडे?"

"आहे की! दोन वर्षं झाली तयार होऊन. रॅम्पची बस जवळपासच्या कुठल्या थांब्यावर, किती मिनिटांत, सगळं अचूक सांगतो. पण जुनी बस नाही म्हटल्याशिवाय त्याला हाक कोण मारणार? बसलाय बिचारा नटूनथटून."

साडेतीन वाजत आले होते. तिने कप्तानाला फोन केला.

कप्तान म्हणजे त्यांच्या तुकडीचा प्रमुख. पाच वर्षांपूर्वी तो तिच्याच हाताखाली शिकायला आला होता आणि तेव्हापासून तिला ताई म्हणायचा. मधल्या काळात तो वर गेला, ती घरी गेली. ताई तेवढं टिकलं.

"ताई, आज? दीड तासावर दार बंद होतंय आणि तू जाळ्यात हात घालतेस?"

"आजच. उद्यापासून एकशे चाळीस थांबे खोटं बोलायला लागतील."

"खोटं कसलं? विनंती स्वीकारली एवढंच म्हणतो आपण. पुरी केली असं कुठे म्हणतो?"

"हे त्या किल्लीवाल्या बाईंच्या समोर उभं राहून म्हण."

कप्तानाने सुस्कारा सोडला. "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या मोठे साहेब थांब्यावर येऊन स्वतः बटण दाबणार आहेत. पाटीवर 'रॅम्प नाही' असं आलं की झालंच, हात दाखवून अवलक्षण. तीन महिन्यांनी दार उघडलं की पहिलं काम हेच करू. शब्द देतो."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का रे? बस येतेच की, पायऱ्या घेऊन."

"बरं, मग फेकाफेकी कशाला? पाटीने बसला आधी विचारायचं, तुला रॅम्प आहे का. नसेल तर सांगायचंच नाही."

"विचारू या, ते चांगलंच. पण उद्या दुसरं कोणी हा प्रोग्रॅम लिहायला बसेल आणि विचारायला विसरेल. त्या दिवशी बस गप्प राहता कामा नये."

"ताई, तू अर्धवेळ आहेस. उद्या काही पडलं तर सकाळी निस्तरायला मी असणार, तू नाही."

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. पलंगाकडे बघत तिने आवाज आणखी खाली आणला. भांडण कुजबुजत करावं लागलं की शब्द आपोआप मोजके होतात.

"ऐक. ती रिकामी ओळ माझी आहे. बाळंतपणाला नऊ दिवस होते तेव्हा लिहिली, वर 'नंतर बघू' अशी टीप ठेवली आणि गेले. तू आता तीन महिन्यांनी म्हणतोयस. माझं नंतर चार वर्षांनी आलंय, कप्तान."

तिने पडद्यावर नोंदींचं पान उघडलं.

"मी नोंदी काढल्यात. दीड महिन्यात जुन्या बसकडे एकसष्ट वेळा रॅम्प मागितला गेला. एकसष्टच्या एकसष्ट वेळा आपण हो म्हणालो."

पलीकडे खुर्ची करकरली.

"जाळं काढायचं नाही," शेवटी तो म्हणाला.

"नाही काढत. त्याला एक भोक पाडते. 'जमत नाही' एवढंच एक्सेप्शन त्यातून बाहेर येईल आणि थेट दुसरी बस शोधणाऱ्याला हाक मारेल. बाकीचे बिघाड खुशाल गिळू दे तुझ्या जाळ्याला. ते भांडण आपण तीन महिन्यांनी करू."

"पावणेपाचपर्यंत टेस्टरचा हो आला पाहिजे. नाही आला तर जैसे थे."

"येईल."

फोन ठेवला आणि मागून आवाज आला.

"आई, तू कोणाला रागावलीस?"

भुंगा पलंगावर उठून बसली होती. केसांचं घरटं झालेलं, गालावर उशीची घडी उमटलेली.

"कोणाला नाही गं."

"मग भिंतीला?"

नशिबाचा तास सुरू झाला होता. तिने भुंग्याला दूध दिलं, ती प्यायली नाही. ठोकळे दिले, ती म्हणाली, ते झोपलेत. शेवटी मांडीवर चढून कीबोर्डकडे हात जायला लागले, तेव्हा आईने हुकमाचं पान काढलं.

"बस-बस खेळायचं? तू जुनी बस. तुझं नाक म्हणजे निळं बटण. मी दाबलं की म्हणणार, रॅम्प खाली कर."

"रॅम्प काय असतो?"

"बसच्या दारातून उतरणारी घसरगुंडी. चाकाच्या खुर्चीतल्या माणसांना त्यावरून वर जाता येतं. तुला तो नाहीये. मग मी सांगितलं की काय म्हणशील?"

भुंग्याने मन लावून विचार केला. "हो म्हणीन."

"नाहीये ना पण तुला! मग हो का?"

"तूच सांगितलंस. मोठ्या माणसांनी काही सांगितलं की हो म्हणायचं."

आईचा हात थबकला. खेळणी आवर म्हटलं की 'हो', दूध पी म्हटलं की 'हो', आणि तासाने बघावं तर खेळणी जिथल्या तिथे, दुधावर साय. चार वर्षांत एवढी एकच शिकवण पोरीने मनापासून घेतली होती.

"या खेळात तसं नाही," ती म्हणाली. "जमत नसेल तर जमत नाही म्हणायचं. आणि जोरात."

"किती जोरात?"

"पलीकडच्या थांब्यावर ऐकू जाईल इतकं."

हे बोलून तिने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. पुढचा पाऊण तास घरात दर मिनिटाला बस येत होती, आणि आई एका हाताने नाक दाबत, दुसऱ्या हाताने टाइप करत असताना "जमत नाऽऽही!" अशी आरोळी उठत होती. जाळ्याला भोक पाडून झालं. दुसरी बस शोधणाऱ्या भागाला हाक मारायची सोयही झाली. चार वाजून चोवीस मिनिटांनी तिने टेस्टरला निरोप पाठवला: बघ.

चार-एकतीसला फोन आला. "मोठ्या जुन्या बसचं झालं. छोट्या बसला रॅम्प मागितला, पाटी म्हणाली स्वीकारली."

छोट्या बसचा साचा कोणीतरी जुन्या बसवरून उचलला होता, रिकाम्या कंसांसकट, 'नंतर बघू' या टिपेसकट. तिच्या आळसाची नक्कलही झाली होती तर! शोधलं तेव्हा आणखी एक सापडली, शाळेच्या बसमध्ये. अशा किती ठिकाणी शिवणार? तिने दोन्ही रिकाम्या जागा सरळ काढून टाकल्या आणि बोंब करारातच लिहून ठेवली. यापुढे ज्या साच्याने रॅम्पचं काम स्वतः लिहिलं नसेल तो मागितल्याबरोबर आपोआप ओरडेल. विसरलेल्याच्या वतीने करार बोलेल.

"जमत नाऽऽही!" टेबलाखालून भुंगा म्हणाली.

"शाब्बास," आई म्हणाली आणि बदल पाठवून दिला.

चार-त्रेचाळीसला टेस्टर: "माझा हो. आणि लिहून ठेव, माझा हो रिकामा नसतो."

चार-सत्तेचाळीसला कप्तान: "चढवलं. ताई, उद्या मोठे साहेब विचारतील तेव्हा मी तुझं नाव सांगणार." घडीभर थांबून त्याने आणखी एक निरोप पाठवला: "म्हणजे चांगल्या अर्थाने. बहुतेक."

मंगळवारी सकाळी भुंग्याचा हात धरून ती किल्लीवाल्या बाईंच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. तिची कामाची वेळ दुपारची. ही सकाळ तिच्या पदरची होती.

दहा वाजून आठ मिनिटांनी बाई आल्या. दुकानाचं शटर ओढून, खुर्चीची चाकं स्वतः फिरवत. मांडीवर पिशवी, बोटांच्या पेरांवर किल्ल्या घासून घासून बसलेला काळा कीस. त्यांनी पाटीकडे बघितलं ते उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. मग निळं बटण दाबलं.

पाटी काळी पडली.

तिच्या कानात कप्तानाचा आवाज घुमायला लागला, मोठे साहेब, हात दाखवून अवलक्षण. एक, दोन, तीन. मग अक्षरं उमटली:

'या बसला रॅम्प नाही. रॅम्पची बस: चौकापलीकडचा थांबा, १२ मिनिटांत.'

बाईंनी ते वाचलं. चष्मा वर करून परत वाचलं.

"अगं बाई," त्या पाटीला म्हणाल्या, "तोंड आहे का तुला?"

मग घड्याळ बघितलं, मान डोलावली आणि खुर्ची वळवली. भुंगा टक लावून त्यांच्याकडे बघत होती.

"काय गं ठमे, तिथे कोपऱ्यावर फूटपाथला उतार आहे का बघ बरं, तुझे डोळे नवे आहेत."

भुंग्याने टाचा उंचावल्या. "आहेऽऽ!" चौकातली दोन माणसं वळून बघायला लागली.

"हळू गं," आई म्हणाली.

"असू दे," बाई म्हणाल्या, "स्पष्ट बोलते." आणि गेल्या.

आईने काही सांगितलं नाही. सांगायचं काय? की ती रिकामी मूठ माझी होती? चौक ओलांडणाऱ्या त्या पाठीकडे ती बघत राहिली. दिवा लाल झाला, गाड्या थांबल्या, खुर्ची उतारावरून उतरली, पलीकडे चढली. वेळेवर एक नवी, बुटकी बस आली. तिचं दार उघडलं, आतून रॅम्प जिभेसारखा बाहेर आला आणि रस्त्याला टेकला. बाई झरझर वर गेल्या. व्यायामाच्या केंद्रापर्यंत वीस मिनिटं. नाव यादीतल्या आपल्या जागी राहणार होतं.

"घसरगुंडी!" भुंगा ओरडली. "आई, खरी घसरगुंडी!"

"हो गं राणी." तिचे डोळे भरून आले होते, म्हणून तिने उगाच पर्समध्ये काहीतरी शोधलं.

तेवढ्यात त्यांच्या समोर जुनी बस येऊन उभी राहिली. दार उघडलं. तीन उंच पायऱ्या, कडा झिजून चकचकीत झालेल्या. भुंग्याने त्या नीट पाहून घेतल्या, वरून खाली आणि खालून वर.

"हिला रॅम्प येत नाही ना?"

"नाही येत."

"हिने खरं सांगितलं पण."

"सांगितलं."

बसचं दार बंद झालं. भुंग्याने तिचा हात ओढला.

"आई, मग हिला शिकवणार कधी?"

एक शब्द जिभेवर तयार होता. नंतर. तो तिने तिथेच अडवला, आणि दुसरा काही केल्या सापडेना.